काढा आणि कलम १८८

पुण्याचा हॅरिस पूल ओलांडून दापोडीत शिरल्यापासून निगडीपर्यंत, आणि नाशिकच्या रस्त्याने भोसरी, मोशी मागे टाकून थेट चाकणपर्यंत कारखान्यांचा जो मुलूख पसरला आहे, तेथील माणूस अंदाजाने बोलत नाही अशी त्याची ख्याती आहे. टूलरूममधल्या कुठल्याही मुरलेल्या कारागिराला एखाद्या शाफ्टचा व्यास विचारून पाहावा. 'असेल पंचविसेक' असे बेजबाबदार उत्तर त्याच्या तोंडून बाहेर पडणार नाही. तो हात पुसील, मायक्रोमीटर लावील, चष्मा कपाळावर चढवील, आणि माप दहा मायक्रॉननी कमी भरते एवढेच सांगून तो जॉब रिजेक्शनच्या लाल पेटीत टाकील. मग सुपरवायझरने कितीही गयावया केली तरी ती पेटी पुन्हा उघडत नाही. अशा या काटेकोर मुलखात २०२०च्या मार्च महिन्यात मायक्रॉनच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा एक विषाणू दाखल झाला, आणि ज्यांनी उभा जन्म सूक्ष्म मापांत घालवला तीच मंडळी बघता बघता चिमूट, मूठ, घोट आणि 'ऐकले आहे बुवा' या परिमाणांवर उतरली. एका रात्रीत या उद्योगनगरीतील प्रत्येक इसम वैद्य झाला, दुसऱ्या रात्री पुरोहित झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो दंडाधिकारी.

आरंभ वैद्यकीपासूनच करणे योग्य, कारण लोकांनीही तेथूनच केला. पिंपरी-चिंचवड ही नगरी १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महापालिका झाली. तिचे बहुतेक रहिवासी सातारा, खानदेश, मराठवाडा, कोकण, वऱ्हाड आणि त्याही पलीकडच्या प्रांतांतून पोटामागे आलेले. ते आले तेव्हा वळकटीत भाकरीबरोबर आपापल्या आजीचा काढाही बांधून आले होते, ही गोष्ट मात्र इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आली नव्हती. टाळेबंदी पुकारली गेली आणि आमच्या चार मजली इमारतीत ती उघडकीस आली. तळमजल्यावरच्या साताऱ्याच्या काकूंचा काढा आडुळसा आणि गवती चहाचा. पहिल्या मजल्यावरच्या चिपळूणकडील वहिनींचा ओल्या हळदीचा. दुसऱ्यावर जळगावचे कुटुंब, त्यांची सारी भिस्त ओव्यावर. आणि तिसऱ्या मजल्यावर अकोल्याच्या मावशी, ज्यांचा भुईनिंबावर असा गाढ विश्वास की त्यांच्या मते जे औषध गिळताना डोळ्यांत पाणी येत नाही ते औषधच नव्हे. हे चारही काढे स्टीलच्या पेल्यांतून, वर ताटली झाकून, शेजारधर्म म्हणून जिन्यातून खालीवर फिरत. आणि एकाचा घेतला, दुसऱ्याचा नाकारला तर इमारतीत प्रांतिक कलह माजण्याची धास्ती असल्याने विवेकी माणूस चारही घेई. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावा असे सुचवले होते. 'किंवा' या अव्ययाचा अर्थ लोकांनी 'आणि शिवाय' असा केला. परिणामी एप्रिलच्या अखेरीस करोना ज्यांच्या उंबऱ्यालाही शिवला नव्हता अशी कितीतरी घरे तोंड येणे, पित्त खवळणे आणि जिचा उच्चार चारचौघांत करू नये अशी एक तिसरी व्याधी, यांनी गांजून गेली होती.

आमच्या शेजारचे अण्णा आकुर्डीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षे हजेरी लावून निवृत्त झालेले. वर ज्या कारागिराचे वर्णन केले ते जवळजवळ त्यांच्यावरूनच केले आहे असे समजण्यास हरकत नाही. त्यांना मी एकदा गॅलरीतून विचारले, "अण्णा, काढ्यात सुंठ किती ग्रॅम घालता?" अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "ग्रॅम कसले घेऊन बसलात? काढ्याला टॉलरन्स असतो!" ज्या गृहस्थाने हयातीत पाव मायक्रॉनची सूट कोणाला दिली नाही त्याच्या तोंडचे हे उद्गार ऐकून मी निमूटपणे पेला तोंडाला लावला.

पुढे गोळ्या आल्या. आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्यांची शिफारस त्याच आयुष मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्येच केली होती. आमच्याकडे त्या लोकप्रतिनिधींच्या सौजन्याने घरपोच आल्या. पाकिटावर औषधाचे नाव मुंगीच्या पायांच्या अक्षरांत, आणि वाटप करणाऱ्याचे नाव, त्याचे छायाचित्र, त्याच्या नेत्याचे छायाचित्र व त्याच्या नेत्याच्या नेत्याचे छायाचित्र उरलेल्या जागेत. महापालिकेची निवडणूक तेव्हा दोन वर्षांवर आली होती, हे केवळ कालगणनेच्या सोयीसाठी नमूद करतो. या औषधात मूळ द्रव्य इतके विरळ केलेले असते की गोळीत त्याचा कणही सापडणे दुरापास्त, असे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग वाटणाऱ्याला परवडतंय, यात नवल ते काय?"

भोसरीच्या लहान कारखानदारांचे डोके मात्र या काळात फार जोरात चालले. कामे बंद, वेल्डिंगची यंत्रे थंड, आणि हात रिकामे. तेव्हा पाइप वाकवून पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड त्यांनी असे झपाट्याने काढले की काही आठवड्यांत ज्या दारापाशी स्टँड नाही ते दार शोधावे लागे. याच उत्साहाच्या भरात माणसाला आपादमस्तक धुऊन काढणारे फवाऱ्यांचे बोगदेही ठिकठिकाणी उभे राहिले. बाजारात शिरणारा मनुष्य त्यातून सोडियम हायपोक्लोराइटचे मंगलस्नान करून बाहेर पडे आणि खोकत खोकत कांदे घेई. रासायनिक द्रव्य माणसांवर फवारू नये, ते निर्जीव पृष्ठभागांसाठी असते, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला अखेर १८ एप्रिल २०२० रोजी लेखी कळवावे लागले. पलीकडे अमेरिकेत, पुढच्याच आठवड्यात, खुद्द राष्ट्राध्यक्ष महाशयांनी जंतुनाशक शरीराच्या आत पोहोचवता येईल काय अशी पृच्छा भर पत्रकार परिषदेत केली; तेव्हा आपण निदान बाहेरूनच फवारले, एवढे समाधान भोसरीकरांनी मानावयास हरकत नाही.

येथे इतिहासातली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. रोगप्रतिबंधक जादूच्या उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा भारतात १९५४ साली झाला. आणि त्याच १९५४ साली पिंपरीत, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने, पेनिसिलीन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. म्हणजे खरे औषध आणि खोट्या औषधाला दंड, ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये. सहासष्ट वर्षांनंतर साथ आली तेव्हा हीच कंपनी हात धुण्याचे सॅनिटायझर बनवू लागली, आणि तिच्या आवारापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर लोक कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून हिंडू लागले. कायद्याने तेवढी डोळेझाक केली, कारण पुरचुंडीची कोणी जाहिरात केली नव्हती. ती शेजारणीने फुकट सांगितली होती, आणि शेजारणीवर लागू होईल असे कलम अद्याप कोणत्याही संसदेला सुचलेले नाही.

मुखपट्टीच्या बाबतीत नगरीने आपल्या लौकिकास जागून सोने पणाला लावले. जुलै २०२० मध्ये येथील एका गृहस्थांनी २ लाख ८९ हजार रुपये खर्चून सोन्याची मुखपट्टी घडवली. श्वास घेता यावा म्हणून तिला बारीक छिद्रे ठेवली होती. ती विषाणू अडवील की नाही याची आपल्याला खात्री नाही, असे त्यांनी वार्ताहरांना मोकळेपणाने सांगून टाकले. त्या वर्षात बाजारात आलेल्या औषधांपैकी एवढी प्रांजळ कबुली देणारे दुसरे मला आठवत नाही. जून महिन्यात हरिद्वारहून 'कोरोनिल' आले, त्याच्या घोषणेत असा संकोच मुळीच नव्हता. महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांना त्याच्या विक्रीस मज्जाव करण्याचा इशारा द्यावा लागला.

आता धर्माकडे वळू. रोग देवीच्या कोपाने येतो आणि तिची समजूत काढून तिला गावाबाहेर पोहोचवता येते, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. पटकी आली की मरीआईचा गाडा सजवून, लिंबे-नारळ वाहून, वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडावयाचा, असा शिरस्ता होता. पलीकडचे गाव सकाळी उठून पाही तो गाडा आपल्या हद्दीत. मग तेही विधिपूर्वक तो आणखी पुढे ढकली. त्या काळच्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचे सगळे तत्त्वज्ञान या गाड्यावर लादलेले होते आणि ते अत्यंत सुटसुटीत होते. २०२० मध्ये खेड, आंबेगाव, जुन्नर या बाजूच्या गावांनी शिवेवर दगड रचले, झाडे आडवी टाकली, 'पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना प्रवेश बंद' असे फलक लावले, तेव्हा मला तो गाडाच आठवला. यंदा देवी चालत आली नव्हती. ती वाकडच्या सदनिकेत राहणाऱ्या थोरल्या चिरंजीवांच्या रूपाने मोटारीतून येऊ पाहत होती. ज्या चिरंजीवांनी गेल्या जत्रेत तमाशाला पाच हजारांची देणगी दिली म्हणून ज्यांचा शाल-नारळाने सत्कार झाला होता, त्यांनाच प्राथमिक शाळेच्या वर्गात चौदा दिवस बसवण्यात आले, आणि लहानपणी ज्या फळ्यावर गणिते चुकली त्याच फळ्याकडे बघत त्यांनी दूरच्या साहेबाशी फोनवर मीटिंगा केल्या.

शहरी भाविकाची परीक्षा निराळ्या जातीची होती. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला सायंकाळी ५ वाजता थाळ्या वाजवावयाच्या होत्या त्या डॉक्टर-परिचारिकांच्या कृतज्ञतेसाठी. परंतु थाळी हाती आली की मराठी माणसाला एकदम आरतीचे स्मरण होते. गॅलऱ्यांमधून सुरू झालेला तो नाद ठिकठिकाणी रस्त्यावर उतरला, ढोल बाहेर आले, आणि गर्दी टाळण्याचा दिवस गर्दी करून साजरा झाला. त्याआधी फेब्रुवारीत केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी गेटवे ऑफ इंडियापाशी 'गो करोना'चा पुकारा केला होता. आमच्या मुलखात गो आणि नो-गो अशा दोन टोकांचे एक गेज असते. एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. मंत्रिमहोदयांना ऑक्टोबरात स्वतःलाच बाधा झाल्याची वार्ता आली तेव्हा अण्णा पेपरची घडी करीत एवढेच म्हणाले, "दुसऱ्या टोकानं तपासलं असणार."

मंदिरे बंद होती. चिंचवडचा मोरया, देहूचे तुकोबा, आळंदीचे ज्ञानोबा, सारे कुलुपाआड. त्यातून वारीसारख्या गोष्टीची थट्टा करण्याची माझी छाती नाही. देहूहून निघालेली पालखी दरवर्षी आमच्या निगडी-आकुर्डीवरून जाते. त्या वर्षी १२ जूनला देहूत आणि १३ जूनला आळंदीत मोजक्या लोकांत प्रस्थान झाले, पादुका जागीच थांबल्या आणि ३० जूनला फुलांनी सजवलेल्या एस.टी.तून पंढरीस गेल्या. आमच्या काकू, ज्यांना एरवी स्वारगेटपर्यंत एस.टी. लागते, त्या पालखीच्या दिवशी आकुर्डीचा रिकामा रस्ता बघून घरातल्या घरात सोफ्याभोवती टाळ घेऊन फिरल्या. आणि त्यांचा वॉशिंग्टनमधला नातू ते व्हिडिओवर पाहत होता म्हणून त्यांनी त्यालाही उभे राहायला लावले. बाकी, मद्याची दुकाने ४ मे २०२० रोजी उघडली आणि देवालये बलिप्रतिपदेला, १६ नोव्हेंबरला उघडली, या दोन तारखांमधल्या अंतरावर राजभवन आणि मंत्रालय यांच्यात जो पत्रव्यवहार झडला तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पाहावा. मे महिन्यातल्या त्या रांगेत मात्र लोक अत्यंत शिस्तीत, चुन्याच्या वर्तुळांत, उन्हाची पर्वा न करता उभे होते. एवढी अविचल निष्ठा मी दर्शनाच्या रांगेतही पाहिलेली नाही.

आणि आता कायदा. ज्या कायद्याच्या आधारे हे सारे चालले होते तो साथरोग अधिनियम ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेला, सगळा मिळून चार कलमांचा. एवढ्या आटोपशीर मजकुरात सरकारला वाटेल तो बंदोबस्त करण्याची मुभा, हुकूम मोडणाऱ्यास भारतीय दंडविधानाच्या १८८व्या कलमान्वये शिक्षा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही अशी हमी, एवढे सगळे मावले होते. इंग्रजांनी तो प्लेगसाठी केला. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला प्लेग ओळखला. पुढच्या महिन्यात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला, कारण दवाखान्यात माणसे मारून त्यांची मोमियाई काढतात अशी आवई उठली होती. म्हणजे ऐकीव माहितीचा प्रसार करण्यास मोबाइल फोन अत्यावश्यक नाही. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख म्हणून वॉल्टर रँड आला, गोरे सोजीर घराघरांत घुसले, देवघरे बाटली, स्त्रियांची विटंबना झाली. आणि २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. हे चापेकर आमच्या चिंचवडचे, हरिदास घराण्यातले. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. धाकट्या दोघा भावांना पुढल्या वर्षी. त्याच साथीत, १० मार्च १८९७ला, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

तर चिंचवडच्या चापेकर चौकात त्या बंधूंचे समूहशिल्प आहे. आणि टाळेबंदीत त्याच शिल्पाच्या पायथ्याशी लोखंडी अडथळे मांडून, १८९७च्या त्याच अधिनियमाखाली, पोलीस येणाऱ्या-जाणाऱ्याची कैफियत घेत होते. "कुठं निघालात?" "औषध आणायला." "चिठ्ठी?" चिठ्ठी निघे ती तीन वर्षांपूर्वीच्या गुडघेदुखीची. मागल्या कॅरिअरला अडकवलेल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असे. हवालदार मेथीकडे पाही, चिठ्ठीकडे पाही, वर शिल्पाकडे पाही, आणि 'चला, पुन्हा दिसू नका' म्हणून वाट देई. १८९७चा कायदा आणि २०२०चा हवालदार यांच्यात मेथीच्या जुडीएवढा जो माणुसकीचा फरक पडला, तो मला दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही. सगळीकडेच तो दिसला असे नव्हे. पाठीवर दंडुक्याची सही घेऊन परतलेलेही आमच्या ओळखीत आहेत.

खरा रँडसाहेब भेटला तो गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाच्या रूपाने. एरवी या पदाला पाण्याच्या टाकीखेरीज कोणी विचारीत नसे. २५ मार्चनंतर मात्र सचिव महाशयांनी संस्थेच्या लेटरहेडवर असे काही हुकूम सोडले की मंत्रालयानेही त्यांच्याकडे उमेदवारी करावी. मोलकरणींना मज्जाव. वर्तमानपत्रांना मज्जाव. लिफ्टची बटणे दात कोरण्याच्या काडीने दाबावीत, काडी उजवीकडील डब्यात टाकावी, डबा ए विंगने रिता करावा. बाहेरून आलेले पार्सल चोवीस तास गॅलरीत उन्हात ठेवावे. सबब, आइस्क्रीम मागवू नये. परिचारिका असलेल्या एका भगिनी यशवंतराव चव्हाण रुग्णालयातून रात्रपाळी करून परतत. थाळी वाजवताना ज्यांचा हात सर्वांत उंच होता त्याच सभासदांनी त्यांना जिना वापरण्याची लेखी विनंती केली. त्या बाईंनी विनंतीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि लिफ्टचे बटण बोटाने दाबले. अशा कर्मचाऱ्यांना त्रास देणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर इजा करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, असा वटहुकूम एप्रिलच्या २२ तारखेला निघाला. तो सचिवांनी सूचनाफलकावर लावला, पण जरा वर, चष्म्याशिवाय वाचता येऊ नये इतका.

कारखाने पुन्हा सुरू करताना हद्दीचा प्रश्न आला. इंद्रायणीच्या अलीकडे महापालिका, पलीकडे खेड तालुका. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या कारखान्यांना आधी मुभा मिळाली. म्हणजे चाकणचा कारखाना उघडा आणि त्यात काम करणारा भोसरीचा फिटर पत्र्याआड. कामगाराने राहावे कोठे, निघावे कधी, बसमध्ये किती जणांनी बसावे, याचे तक्ते कारखान्यांच्या दप्तरात तयार होत आणि संध्याकाळी नवे परिपत्रक येऊन रद्द होत. आकुर्डीचे राजीव बजाज उघडपणे म्हणाले की आपण आलेख सपाट केला तो रोगाचा नव्हे, सकल उत्पन्नाचा. इतके स्पष्ट बोलण्याची ऐपत आमच्याकडे फार थोड्यांना आहे. कंत्राटी पोरांना तर काहीच म्हणता आले नाही. मुकादमाने फोन उचलणे बंद केले, खोलीमालकाने भाड्याचा तगादा लावला, आणि ती पोरे जालना, लातूर, बिहार, जिकडची होती तिकडे निघाली. कोणी रेल्वेच्या पासासाठी ठाण्यापुढे रात्र काढून, कोणी सरळ पायी. त्यांच्याबद्दल या लेखात हसण्यासारखे काही नाही.

म्हाळुंगे-इंगळेला मात्र एक मौज घडली. तेथे म्हाडाच्या नव्या इमारतींत चाकणच्या मर्सिडीज-बेंझने जिल्हा परिषदेच्या साथीने दीड हजार जणांची सोय होईल असे विलगीकरण केंद्र उभारले. आसपासच्या गावातला एक म्हातारा तेथे दाखल झाला. त्याच्या मुलाला वाटेत कोणीतरी विचारले, तात्या कुठे आहेत? मुलगा म्हणाला, "मर्सिडीजमध्ये." प्रश्नकर्त्याची पुढच्या पंधरवड्याची झोप उडाली असे ऐकिवात आहे, जमिनीचा व्यवहार आपल्याला न कळवता झाला असाच त्याचा ग्रह झाला.

दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिलात, विवाहांवर फर्मान निघाले: पंचवीस माणसे, दोन तासांत सारा विधी, भंग केल्यास ५० हजार रुपये दंड. ज्या मुलखात लग्नाला पाच हजार पाने उठली नाहीत तर वधूपिता आजारी समजला जातो, तेथे हा हुकूम म्हणजे आकाशच कोसळले. पंचविसात भटजी धरावयाचा का, छायाचित्रकार धरावयाचा का, यावर चाकणच्या एका घरी रात्रभर खल झाला. अखेर दोन्ही आत्यांना वगळले आणि आचाऱ्याला घेतले. आत्यांनी अजून बोलणे धरलेले नाही. मंगलाष्टके म्हणणाऱ्या गुरुजींनी मनगटी घड्याळ तांदळाच्या ताम्हनात ठेवले होते, आणि कन्यादान उरकून सप्तपदीला येईतो पाऊण तास हातात उरला तेव्हा सगळ्या मांडवाने निःश्वास टाकला. लग्न इतके वेळेवर लागण्याचा प्रसंग खेड तालुक्याच्या इतिहासात त्यापूर्वी आला नसावा.

याच एप्रिलात रेमडेसिविरच्या चिठ्ठ्या घेऊन माणसे औषधांच्या दुकानांपुढे दिवस-दिवस उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध वापरू नये असा सल्ला आदल्या नोव्हेंबरातच दिला होता; पण ज्याचा बाप खाटेवर आहे त्याला संघटना काय सांगावी? ज्या प्राणवायूच्या टाक्यांवर आमच्या वर्कशॉपांत लोखंड कापले जाई, तो सारा प्राणवायू रुग्णालयांकडे वळवण्याचे हुकूम सुटले. चाकणच्या प्रकल्पांतून टँकर पोलीस बंदोबस्तात निघू लागले, आणि भोसरीच्या कटिंगवाल्यांनी आपल्या टाक्या न मागता नेऊन दिल्या. त्या महिन्यात अण्णांनी काढा केला नाही.

मग लस. ती पुण्याच्याच मांजरीला बनत होती, तरी तिची वेळ मिळवण्यासाठी फोनवर बोटे झिजवावी लागत. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली आणि शहरातल्या केंद्रांतल्या जागा डोळ्याचे पाते लवते न लवते तो भरू लागल्या. तेव्हा आमच्या नगरीतील तरुण मंडळींच्या ध्यानात आले की खेड्यातल्या केंद्रांवर जागा रिकाम्या आहेत. ज्या गावांनी वर्षापूर्वी शिवेवर दगड रचले होते त्याच गावांच्या आरोग्य केंद्रापुढे वाकड-रावेतच्या मोटारी रांगेत उभ्या राहिल्या. आणि दगड रचणारे ग्रामस्थ लाल झाले, कारण आता पाहुणे रोग आणीत नव्हते, औषध नेत होते. सरपंचांनी पुन्हा फलक रंगवावयास घेतला असता. पण मजकूर काय लिहावा यावर ग्रामसभेत एकमत झाले नाही.

२ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, महाराष्ट्रातले निर्बंध उठले. त्याच वर्षी कलम १८८ खालचे टाळेबंदीतील गुन्हे मागे घेण्याचे सरकारने जाहीर केले. हे कलम मूळ १८६० सालचे. त्यातला जबर दंडसुद्धा फक्त एक हजार रुपयांचा. पुढे १ जुलै २०२४ पासून दंडविधानच गेले आणि न्यायसंहिता आली. १८८चे झाले २२३, आणि जबर दंड पाच हजार. एमआयडीसीतल्या ज्या टपरीवर मी चहा घेतो त्या टपरीवाल्यावर २०२० मध्ये वेळेआधी स्टोव्ह पेटवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला होता, आणि त्याचा कागद त्याने बिस्किटांच्या बरणीमागे जपून ठेवला आहे. हा सगळा फेरफार मी त्याला समजावून सांगितला. त्याने दूध उतू जाईल म्हणून गॅस बारीक केला, मनाशी हिशेब केला, आणि म्हणाला, "म्हणजे काका, तेव्हाच सापडलो ते बरं झालं. आता परवडलं नसतं." इतक्यात सेकंड शिफ्टचा भोंगा झाला, आणि आठ कटिंगची ऑर्डर आली.